खोटा दाखला काढू नकोस

ये, बस. ती फाइल आधी माझ्याकडे दे, काय काय आहे त्यात ते बघू दे.

पुणे महापालिकेचा जन्मदाखला, आधार कार्ड, दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स. बरं. आता मन घट्ट करून ऐक, कारण मी जे सांगणार आहे त्यातलं काही तुला आवडणार नाही. पण तू मला ताई म्हणतेस, आणि कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या खिडकीमागे माझी सगळी नोकरी झाली. तेव्हा हे मीच सांगायला हवं.

तो जो कोणी माणूस आठ दिवसांत डोमिसाईल काढून देतो म्हणतोय, त्याच्याकडे जाऊ नकोस. बाबांनाही पाठवू नकोस. आगाऊ पैसे दिले असतील तर ते गेले असं समज.

तहसीलदार देतात त्या कागदावर ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ असं लिहिलेलं असतं. तुझं वय खरं आहे. अधिवासही खरा आहे, जन्मापासून तू याच सदाशिव पेठेत, याच पार्किंगमागच्या खोलीत वाढलीस. राष्ट्रीयत्वाच्या जागी मात्र ‘भारतीय’ लिहून घ्यायचं तर खोटं बोलावं लागेल. आणि ते खोटं एका फॉर्मपुरतं राहत नाही. त्यावर कॉलेजचा प्रवेश उभा राहतो, प्रवेशावर पदवी, पदवीवर नोकरी. पुढे कुठल्याही वर्षी पडताळणीत ते निघालं की प्रवेश रद्द होतो आणि पोलिसांचं प्रकरण होतं ते निराळंच. नागरिकत्वाच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर आपल्या नागरिकत्व कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

तू विचारलंस, ‘मी कमला नेहरू हॉस्पिटलमध्ये जन्मले, मग मी भारतीय कशी नाही?’ अगं, हा प्रश्न रास्तच आहे. तू १९८६ साली जन्मली असतीस तर भारतीय असतीस. १९५५चा नागरिकत्व कायदा असं सांगतो, की २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जो भारतात जन्मला तो भारतीय, आईबाप कुठलेही असोत. १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक जण भारतीय असावा लागला. ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक झाला: दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नको. तुझे आई-बाबा दोघंही अछामचे, दोघंही नेपाळचे नागरिक. तुझा जन्म २००८चा. महापालिकेचा दाखला तू कुठं नि कधी जन्मलीस ते सांगतो. तू कुठल्या देशाची, हे तो सांगत नाही.

पण म्हणून तू लपूनछपून राहावंस असं मुळीच नाही, आणि ही गोष्ट मला तुझ्या मनात पक्की बसवायची आहे. भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमात एका देशाच्या माणसांना दुसऱ्या देशात राहायला, मालमत्ता घ्यायला, व्यापार करायला, फिरायला मोकळीक दिलेली आहे. तुझे बाबा बनबशाच्या नाक्यावरून पासपोर्ट-व्हिसाशिवाय आले, ते कायद्यानंच आले. २०१८ साली केंद्रीय गृहमंत्रालयानं आसाम सरकारला गोरखा लोकांबद्दल खुलासा पाठवला होता, त्यातही हेच सांगितलं होतं, की नेपाळी नागरिक अशा रीतीनं आला तर तो बेकायदा स्थलांतरित ठरत नाही. आता १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी माणसांबद्दलचा नवा कायदा लागू झालाय, जुने चार कायदे मोडून एक केलेला. त्यातही नेपाळ आणि भूतानच्या लोकांची ही सवलत कायम आहे. तेव्हा ‘आम्ही डेहराडूनचे’ असं मैत्रिणींना सांगणं सोड. तुला ते सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं, पण त्याची गरज नाही. अछाम म्हण. नकाशात दाखव.

आधार कार्डाचीही भीती बाळगू नकोस. वर्षात १८२ दिवस इथं राहणाऱ्या परदेशी माणसालाही ते काढता येतं. २०१६च्या आधार कायद्यातच म्हटलंय, की हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. तू ते खोटं सांगून काढलेलं नाहीस.

शाळेचं तर सोडूनच दे. तुला शाळेत घेतलं ते कुणी उपकार म्हणून नाही, किंवा कुणाचं लक्ष नव्हतं म्हणूनही नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाची व्याख्या ‘सहा ते चौदा वयाचा मुलगा किंवा मुलगी’ एवढीच आहे. त्यात नागरिक हा शब्द नाही. राज्यघटनेचं एकविसावं कलम ‘अ’ सुद्धा सर्व बालकांबद्दल बोलतं. २०२५च्या फेब्रुवारीत दिल्लीतल्या रोहिंग्या निर्वासितांच्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायालयानं सांगितलं, की मुलांनी आधी सरकारी शाळेत प्रवेश मागावा आणि पात्र असूनही नाकारला तर उच्च न्यायालयात जावं. त्या मुलांपाशी तर कुठल्याच देशाचा कागद नाही. तुझ्या मागे तर एक सबंध देश आहे.

हे मी तुझ्यापेक्षा तुझ्या भावासाठी जास्त सांगतेय. तो नऊ वर्षांचा गावाकडे आजीपाशी आहे, आणि ‘कागद नाहीत म्हणून आणत नाही’ असं बाबा म्हणाले. त्यांना सांग, जूनमध्ये घेऊन या. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम चौदा. प्रवेशाची मुदत संपली म्हणून नाकारता येत नाही, कलम पंधरा. वयाला जो वर्ग योग्य त्याच वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं, हे कलम चार. नऊ वर्षांच्या मुलाला मराठी येत नाही म्हणून पहिलीत बसवू पाहतील, त्याला बाबांनी हो म्हणू नये. आधारसाठी मुख्याध्यापक मागे लागतील. त्यांचंही कारण समजून घे: शाळेत किती शिक्षक मंजूर होणार, ती संचमान्यता आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांच्या आकड्यावर ठरते. मुलाचं आधार नसेल तर त्यांचा पट कागदावर कमी दिसतो. तरीही २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं करता येणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. भांडू नका. ‘आधार काढून देतो, प्रवेश आज द्या’ एवढंच शांतपणे म्हणायचं. आढेवेढे घेतले तर मला हाक मार.

आता तुझ्याकडे येऊ. चौदाव्या वर्षानंतर शिक्षण हक्क कायद्याचं छत्र संपतं, आणि बारावीनंतर प्रत्येक फॉर्ममध्ये राष्ट्रीयत्वाचा तो एक रकाना येतो. सीईटीतून इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला महाराष्ट्राच्या कोट्यातून जायचं तर भारतीय नागरिकत्व लागतं. परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा निराळ्या, त्यांचं शुल्क निराळं, आणि ते तुझ्या बाबांच्या पगारात बसणारं नाही. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या राज्याच्या रहिवासी नागरिकांसाठी. २०२४ पासून सरकारनं ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. तुझ्या बाकावरच्या मैत्रिणीला ती मिळेल, तुला मिळणार नाही. या पेठेत एमपीएससीचा अभ्यास करणारी हजारो मुलं कॉट बेसिसवर राहतात, रात्री अभ्यासिकांतून बाहेर पडतात, तू त्यांना रोज बघतेस आणि त्यांच्यासारखं व्हायचं म्हणतेस. एमपीएससीला भारतीय नागरिकत्व लागतं. ते दार सध्या बंद आहे. तू वर्षभर राबून अभ्यास करशील आणि अर्जाच्या पहिल्या पानावर अडशील, त्यापेक्षा आज कळलेलं बरं.

मला या व्यवस्थेचा राग येतो, तुझ्यापासून तो कशाला लपवू? दहा वर्षं महापालिकेनं तुला पुस्तकं दिली, खिचडी दिली, शिक्षकांचे पगार भरले. तू शाळेत मराठीत पहिली आलीस. आणि ज्या वयात त्या शिक्षणाचं काही चीज व्हायचं, त्या वयात तुला विचारायचं, तू कुठली? हा आंब्याचं झाड वाढवून मोहर आल्यावर पाणी तोडण्यासारखा प्रकार आहे. हेच पुणं एके काळी वार लावून जेवणाऱ्या गरीब मुलांना शिकवत होतं. कुठल्या कुठल्या संस्थानातून, कोकणातून, मैलोन्‌मैल चालत आलेली मुलं याच पेठांमधून सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवली आणि शिकून मोठी झाली. त्यांच्या ताटात वाढताना कुणी अधिवास विचारला नव्हता. कायदा बदलायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे: ज्या मुलानं पहिली ते बारावी इथं शिक्षण घेतलं, त्याला पदवीच्या प्रवेशासाठी आणि फीसाठी इथलंच धरलं पाहिजे. नागरिकत्वाचा निकाल लागायचा तेव्हा लागो.

आणि हे फक्त तुझ्यापुरतं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची नात आहे ना न्यू जर्सीत? तिची गोष्ट तुला ठाऊक नसेल. बाप एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर, ती एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर, तीन वर्षांची असताना गेली. शाळा सगळी तिथं झाली. शाळेत तिला कुणी कागद विचारला नाही, कारण तिकडे १९८२ सालचा एक निकाल आहे, प्लायलर विरुद्ध डो. टेक्सासनं १९७५ मध्ये कायदा करून कागद नसलेल्या मुलांच्या शिक्षणाचा पैसा बंद केला होता, आणि टायलर नावाच्या गावातल्या शाळा अशा मुलांकडून वर्षाला हजार डॉलर मागायला लागल्या. ती बहुतेक मेक्सिकोतून आलेल्या मजुरांची मुलं होती. सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला. आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना नको, असं म्हटलं. पण तोही निकाल बारावीपर्यंतचाच! काकूंच्या नातीला एकवीस पूर्ण झाली की एच-फोर संपतो. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब, की बापाचा नंबर त्याच्या आत लागत नाही. मग तिला परदेशी विद्यार्थिनीचा व्हिसा काढायचा, सरकारी आर्थिक मदत नाही, आणि शिक्षण संपल्यावर नोकरीतून व्हिसा नाही मिळाला तर ज्या पुण्यातलं तिला काही आठवत नाही तिथं परत. २०१२ साली ओबामांनी कागद नसलेल्या तरुणांसाठी डाका ही सवलत आणली, तीही तिला नाही, कारण ती जाहीर झाली त्या तारखेला तिच्याकडे कायदेशीर व्हिसा होता. कायद्यानं वागलेल्या घराला सवलत नाही. काकू हे सांगताना रडल्या होत्या. तुझ्या फीचं बोलायची वेळ येईल तेव्हा मी सर्वात आधी काकूंकडेच जाणार आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता काय करायचं ते सांगते.

पहिलं काम नेपाळच्या नागरिकतेचं. तुला सोळा पूर्ण झाली, म्हणजे तिकडच्या कायद्यानं तुला नागरिकता प्रमाणपत्र मिळू शकतं. आज तुझ्यापाशी दोन्ही देशांपैकी एकाच्याही नागरिकत्वाचा कागद नाही, आणि खरी धोक्याची अवस्था ती आहे. भारतीय नसणं हा तेवढा मोठा धोका नाही. गावाच्या वडा (वॉर्ड) कार्यालयातून सिफारिस म्हणजे शिफारसपत्र घ्यायचं आणि मंगलसेनला जिल्हा प्रशासन कार्यालयात अर्ज द्यायचा. आई-बाबांची नागरिकता, त्यांच्या लग्नाची नोंद, तुझा पुण्याचा जन्मदाखला, शाळेचे कागद, सगळं मूळ प्रतींसह न्या. ते हातात आलं की पासपोर्टही काढून ठेव. या दोन कागदांवर तू कुठल्याही कॉलेजच्या खिडकीवर मान वर करून उभी राहू शकशील.

दुसरं, नावं. सोसायटीच्या पगाराच्या व्हाउचरवर तुझ्या बाबांचं नाव ‘बहादूर’ लिहिलेलं आहे. पंचवीस घरांना त्यांचं खरं नाव माहीत नाही, याची मला फार खंत वाटते. आईचं नाव तुझ्या जन्मदाखल्यावर एक आणि तिच्या नागरिकतेवर दुसरं असेल तर ते आत्ताच बघ. शाळेच्या कागदात आडनावाच्या जागी काय आहे तेही बघ. तारखांचं तर आणखी जपून. नेपाळचे कागद विक्रम संवतात असतात. लोक सरसकट सत्तावन्न वजा करतात, पण ते पौषाच्या मध्यापर्यंतच बरोबर येतं, त्यानंतर चैत्रापर्यंतच्या महिन्यांना छप्पन्न वजा करावे लागतात. २०६२च्या माघात जन्मलेलं मूल इसवी सन २००६चं, २००५चं नव्हे. तुझ्या भावाच्या बाबतीत ही चूक होऊ देऊ नका, शाळेच्या जनरल रजिस्टरला चुकीचं साल एकदा चढलं की ते दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत पोचतं.

तिसरं, हा तुझा शाळा सोडल्याचा दाखला. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘भारतीय’. तू लिहिलं नाहीस, बाबांनी सांगितलं नाही. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी लिहिणाऱ्यानं सवयीनं लिहून टाकलं असणार, असं शेकडो मुलांचं होतं. मुलगी शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते. शाळा सोडल्यावर मुख्याध्यापकांना परस्पर बदल करता येत नाही, शिक्षण खात्याची मंजुरी घ्यावी लागते. नागरिकता हातात आली की शाळेमार्फत अर्ज करू, मी तुझ्याबरोबर येईन. तुला वाटेल, आयता आलेला शब्द आपण कशाला खोडायचा? कारण पासपोर्ट नेपाळचा आणि दाखला भारतीय, असं असेल तर कुठलंही ऑफिस तुला खोटी ठरवेल. नव्या कायद्याप्रमाणे परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश दिला की संस्थेनं नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. त्यामुळे कॉलेजवाले आता धास्तावलेले असतात. कागद एकसारखे असले की त्यांची धास्ती जाते, हे मी खिडकीमागून पाहिलंय.

आणि मग कॉलेज. बी.ए. किंवा बी.कॉम. धर. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राकडून पात्रता घ्यायची, कॉलेजला पहिल्या दिवशी खरं सांगायचं आणि फीच्या सवलतीचा अर्ज लेखी द्यायचा. तोंडी विनंती कुणाच्या लक्षात राहत नाही, लेखी अर्जाला उत्तर द्यावं लागतं. संस्थेच्या विश्वस्तांपर्यंत तो कसा न्यायचा ते माझ्याकडे लागलं.

एमपीएससी नाही म्हटल्यावर तुझा चेहरा पडला, म्हणून हे मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला आयएएस, आयपीएस, परराष्ट्र सेवा यांना नागरिकत्व लागतं. पण बाकीच्या कितीतरी सेवांसाठी नेपाळचा नागरिकही बसू शकतो, भारत सरकारचं पात्रता प्रमाणपत्र घेऊन. आणि एनडीए! खडकवासल्याची एनडीए नेपाळच्या नागरिकांना खुली आहे. गोरखा उमेदवाराला तर ते पात्रता प्रमाणपत्रही लागत नाही. मुलींना तिथं २०२२ पासून घेतात, पहिली तुकडी २०२५च्या मे महिन्यात बाहेर पडली. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा वर्षातून दोनदा. तू पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढतेस. गणित तेवढं पक्कं कर. जायचंच असं नाही, पण जिथं तुझा रकाना छापलेला आहे असा एक तरी फॉर्म हातात घेऊन बघ.

अठरा पूर्ण झाली की भारतीय नागरिकत्वासाठी स्वतः अर्ज करता येतो. शेवटचे बारा महिने सलग आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षं भारतात राहिलेली असावीस. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पुढे जातो. तुझी तर सगळी हयात इथं गेलीय. सिद्ध कसं करणार? तर पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं, फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, स्नेहसंमेलनाचं प्रमाणपत्र असलं तरी ते. एकही फेकू नकोस. आठव्या अनुसूचीतली एक भाषा यावी लागते. मराठी आहेच, आणि १९९२ पासून नेपाळीही त्या यादीत आहे. चारित्र्य चांगलं असावं लागतं, आणि तिथं एक खोटा डोमिसाईल दाखला तुझा सगळा अर्ज बुडवेल. मात्र भारतीय झालीस की नेपाळचं नागरिकत्व सुटतं, गावच्या जमिनीवरच्या हक्काचा प्रश्न येतो. तो निर्णय आई-बाबांशी बसून, घाई न करता घे. वीस-बाविसाव्या वर्षी घेतलास तरी चालेल.

आज फक्त एवढं कर. त्या माणसाला फोन करून नको म्हणून सांग, माझ्यासमोर कर हवं तर. बाबांना रविवारी दुपारी वर पाठव, त्यांची आणि आईची नागरिकता घेऊन. त्या दोन्ही आणि तुझा जन्मदाखला, अशा तिन्ही कागदांवरची नावं आपण समोरासमोर ठेवून ताडून बघू. आणि दसैंची तिकिटं काढताना परतीची तारीख उशिराची धर. सणात तिकडची ऑफिसं बंद असतात, मंगलसेनचं काम ती उघडल्यावरच होईल.